गाठी बांधायची तार

निजामी अमलात केजजवळच्या एका जिनिंग कारखान्यात डायनामो आला. तो चालवणारा मिस्त्री आष्टीकडचा. मी तेव्हा तहसिलीत वकिली करीत असे. कारखान्याची कचेरी डायनामोपासून लांब, फाटकाशी होती. तिथले दिवे मंद जळत, कापसाच्या शेडमधले लख्ख. मालकाने ठरवले की मिस्त्री मुद्दाम कचेरीला वीज कमी सोडतो, आणि त्याच्या हाती महिनाअखेरीच्या बडतर्फीचा कागद दिला. त्यावर 'लबाडीबद्दल' असा शब्द होता. तो कागद पाहून दुसऱ्या कोणत्याही कारखान्याने त्याला दारात उभे केले नसते. तो घेऊन मिस्त्री माझ्याकडे आला.

पुराव्यावाचून लबाडी! मी संतापून मालकाला चार पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. चौथ्याची नक्कल मिस्त्रीला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली.

"भाषा लई जोरदार हाय, वकीलसाब," तो म्हणाला, "पण यात मोजलेलं कायबी न्हाई."

बोलणे झोंबले, कारण ते खरे होते. मग त्यानेच मापनयंत्रे लावून दाखवले. डायनामोपाशी दाब एकशे दहा व्होल्ट, कचेरीत अठ्ठ्याऐंशी. प्रवाह दोन्हीकडे चार अँपिअर. म्हणजे बावीस व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते. त्याने मला हिशेब शिकवला: दाबाला प्रवाहाने भागले की रोध, दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती. बावीस भागिले चार, तारेचा रोध साडेपाच ओहम. बावीस गुणिले चार, अठ्ठ्याऐंशी वॉट. डायनामोतून निघत चारशे चाळीस. त्यांचा बरोबर पाचवा हिस्सा तार खात होती.

"तार कसली आहे?" मी विचारले.

"लोखंडी. कापसाच्या गाठी बांधायची, वर डांबरी कापड गुंडाळलेली. तांब्याची तार शेडपर्यंतच पुरली. मालक म्हणले, तार ती तार, वढ तीच पुढं."

माझे पाचवे पत्र सात ओळींचे होते. त्यात एकही कलम नव्हते; फक्त आकडे, आणि भर दुपारी दिवे लावून समक्ष मोजणी करावी ही मागणी. या वेळी बोलावणे आले, आणि मोजणीत आकडे तेच निघाले.

मालकाने फाटकाशी तारेला दोन बोटे लावून पाहिली. आवरणातून काहीच जाणवले नाही.

"ही तर गार आहे, वकीलसाब. अठ्ठ्याऐंशी वॉट खाल्ले म्हणता, ते गेले कुठे?"

"एका दिव्यात कोंडले असते तर बोट भाजले असते," मी म्हणालो. "इथे ते तारेच्या सगळ्या लांबीवर पसरले आहेत. तांब्याची तार ओढून बघा. दिवे तेच, डायनामो तोच, मिस्त्रीही हाच."

"आन् तरी उजेड न्हाई पडला तर?" मालक मिस्त्रीकडे वळला. "बोल की बे!"

"तर आजच जातो, मालक. महिना भरायची वाट न्हाई बघत."

आठवड्याभरात तार बदलली. कचेरीत एकशे सहा व्होल्ट भरले. मालकाने यंत्राचा काटा स्वतः वाचून पाहिला.

"ठीक आहे. राहू दे त्याला कामावर."

"लेखी द्या," मी म्हणालो.

"तोंडी सांगितलं ना, वकीलसाब!"

"लबाडी लेखी होती."

मुनीम जेवायला उठला, परत आला. मी खुर्ची सोडली नाही. अखेर मालकाने कागद ओढून जुना हुकूम रद्द केला. मी तो वाचला आणि परत त्याच्यापुढे सरकवला. त्यात कारणाचे 'लोखंडी तार' हे दोन शब्द राहून गेले होते. तेही घालून घेतले, मगच उठलो.