काकतीच्या बसमधलं गंधोदक

खरं सांगायचं तर आईच्या नियमाचा मला राग यायचा. लग्नाआधी कधीतरी एका मुनिमहाराजांपुढं तिनं तो घेतला होता. भगवंतांच्या अभिषेकाचं पाणी, आम्ही त्याला गंधोदक म्हणतो, कपाळाला आणि डोळ्यांना लावल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, आणि सूर्य मावळल्यावर घोटभर पाणीही नाही. निपाणीकडच्या आमच्या गावात तिला हे कधी जड गेलं नाही, कारण बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर, दोन घरं सोडून होती. पण गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि धाकट्या भावानं तिला शहराबाहेर काकतीला आपल्या घरी आणलं. भावाच्या घराजवळ बस्ती नाही. ती आहे माझ्या घराजवळ, शहरात टिळकवाडीत. मी नोकरीतून निवृत्त झालेला, रिकामा. तेव्हा रोज सकाळी छोट्या पितळी तांब्यात गंधोदक घ्यायचं, एका बसनं मध्यवर्ती स्थानक गाठायचं आणि दुसरीनं काकती, ही कामगिरी आपोआप माझ्या गळ्यात पडली.

मधे एकदा ताप आल्यामुळे मला जाता आलं नाही. आई दिवसभर उपाशी राहिली, जेवणानंतरच्या गोळ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी उठताना तिला घेरी आली. असा आणखी एक दिवस गेला तर दवाखान्यात आणावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी चिडून आईला विचारलं, "एवढंसं पाणी कपाळाला लावून काय होतंय?" ती शांतपणे म्हणाली, "काय होतंय ते बघायला मी लावत न्हाय रं." मी आपला पुन्हा बस पकडायला लागलो.

तो एक सोमवार होता. आमच्याकडं बायकांना बसचा प्रवास मोफत झाल्यापासून बसायची जागा पुरुषांच्या नशिबात राहिलेली नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही, गुडघ्यांची आहे. काकतीची बस खच्चून भरलेली होती. कंडक्टर कानडीत "मुंदे होग्री, मुंदे होग्री" करत सगळ्यांना पुढं रेटत होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वरची दांडी, असा मी दाराजवळ लोंबकळत होतो. समोर बसलेली एक बाई भाजी विकून परत निघालेली दिसत होती, रिकामी पाटी तिच्या पायाशी होती. तिनं हात पुढं केला. "आणा हिकडं आण्णा, मांडीवर धरते." उभ्याची पिशवी बसलेल्यानं धरायची, हा आमच्या बसमधला रिवाजच आहे. मी पिशवी दिली आणि बजावलं, "खाली ठेवू नका हं. गंधोदक आहे आत."

"कुणासाठी नेताय?" तिनं विचारलं. झालं. मला तेवढंच निमित्त पुरलं. आईचा नियम, तिचा हट्ट, डॉक्टरांचं बोलणं, माझ्या दोन बसगाड्या, सगळं मी त्या बाईला ऐकवलं. काकतीला पाण्याच्या टाकीमागं भावाचं घर आहे, आई सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून वाटेकडं डोळे लावून बसते, मी पोचेपर्यंत सून बिचारी गरम तवा घेऊन ताटकळते, हेही सांगितलं. बाईनं पिशवी मांडीवर आणखी सरळ धरली.

पुढच्या थांब्यावर आतल्या लोकांना उतरायला वाट द्यावी म्हणून मी खाली उतरलो. लोक उतरले, मागून कुणीतरी मला बाजूला सारून वर चढलं, कंडक्टरनं "राइट" म्हटलं आणि बस निघाली. मी ओरडलो, थोडा धावलोसुद्धा. या वयात धावणं म्हणजे नुसते हात हलवणं. पिशवीत तांब्या होता, चष्मा होता आणि फोनही. भावाचा नंबर पाठ नव्हता. हल्ली कुणाचा नंबर पाठ असतो?

ती बस काकतीच्याही पुढच्या गावांना जाते आणि फिरून स्थानकात येते, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी उलट दिशेची बस धरून स्थानकात येऊन थांबलो. चष्म्याशिवाय बसवरच्या पाट्या वाचता येईनात. येणाऱ्या प्रत्येक बसला तोंड वर करून विचारत होतो. दुपारी एकच्या सुमाराला तोच कंडक्टर दिसला. तो म्हणाला, "पिशवी? ती बाई घेऊन उतरली की." मला तोंडात मारल्यासारखं झालं. मनात नको नको ते आलं. माझ्या तोंडून शिवीसुद्धा गेली, हे लपवत नाही.

मग मी वेड्यासारखा फिरलो. शहापूरच्या बसमध्ये बसलो, तिकडच्या बस्तीला कुलूप होतं. परत टिळकवाडीला आलो. अभिषेक सकाळी एकदाच होतो, भांडी घासून पालथी घातलेली होती. उपाध्ये, म्हणजे आमचे पुजारी, कळवळून म्हणाले, "आता उद्याच." बस्तीच्या पायरीवर मी बसलो. आई उपाशी आहे आणि माझ्या हातात काही नाही, एवढंच डोक्यात होतं. आयुष्यभर मी माझ्या हिशेबीपणावर जगलो, कुणापुढं हात पसरला नाही. त्या पायरीवर पहिल्यांदा म्हणालो, "भगवंता, मला काही जमत नाही. आईला बघ." आणि चारची बस धरली. रिकाम्या हातानं जाण्याशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं.

घरी पोचलो तर आई अंगणात नव्हती. माझी पाचावर धारण बसली. आत गेलो, तर आईसाहेब पलंगावर लोडाला टेकून हसत बसलेल्या, कपाळ पुसटसं चमकत होतं. भिंतीच्या खुंटीला माझी पिशवी! माझा जीव भांड्यात पडला.

भावाची बायको सुनंदा सांगू लागली. "अकराच्या आतच एक बाई आली, पाटी डोक्यावर, पिशवी छातीशी. टाकीमागं दारोदार विचारत होती म्हणे, वाटेकडं डोळे लावून बसणारी म्हातारी कुठं ऱ्हाती? तुमचा फोन लावायला गेले तर तो पिशवीतच वाजला." ती बाई दोन गावं पुढची. आमच्यासाठी उन्हात मधेच उतरली होती. आईनं तिला जेवायला बसवायचा घाट घातला, तर तिचा सोमवारचा उपास निघाला. पाहुणी उपाशी असताना आई जेवेना, उपास मोडायला बाई तयार होईना. शेवटी बाईनं दोन केळी खाल्ली आणि तिच्या समोर बसून आईनं भाकरी खाल्ली. "दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. नाव विचारायचं तेवढं राह्यलं," सुनंदा हसत म्हणाली.

मी खाली बसलो. त्या बाईला शिवी दिल्याची मला लाज वाटत होती आणि आनंद तर इतका झाला होता की काही सुचेना. आईनं विचारलं, "आण्णा, तू जेवलास का?"

तेव्हा लक्षात आलं, सकाळच्या चहानंतर मी पाणी सोडलं तर कशालाच शिवलो नव्हतो.

"न्हाय," मी म्हणालो.

"का रं?"

"गंधोदक पोचलं न्हवतं. घास कसा उतरणार?"

आई लहान मुलीसारखी खुदकन हसली. "मला कुठं दुसरं काय होतंय? घास उतरत न्हाय, असंच होतंय," ती म्हणाली. सुनंदानं ताट वाढलं. ऊन अजून उंबऱ्यावर होतं. पहिला घास तोंडाशी नेला आणि मला रडू आलं, तसाच रडत जेवलो.

आमच्या धर्मात भगवंत कुणाला काही देत नाहीत, कुणाचं काही घेत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी कुणी काय केलं याचा वाद मी घालत नाही. माझ्या हातून सुटलं ते दुसऱ्या हातांनी सांभाळून नेलं, एवढं मी पाहिलं. ती बाई मला पुन्हा दिसली नाही. पण रोज बस काकतीकडं वळली की मी मनातल्या मनात तिला नमस्कार करतो, आणि आता घरी पोचल्यावर गंधोदकासाठी आईच्या आधी मीच कपाळ पुढं करतो.