सॉकेटची झाकणं

इकडे परदेशात, कनाटाच्या आमच्या सर्व्हर लॅबमध्ये एक नागपूरकर टेक्निशियन होते. सकाळी बाकीच्यांना 'मॉर्निंग', मला मात्र 'जय भीम'. त्यांच्या जॅकेटच्या खिशात कायम काळी प्लास्टिकची झाकणं खुळखुळायची. प्रोसेसर बसवायच्या सॉकेटवर तसं झाकण येतं. प्रोसेसर बसला की आम्ही ते फेकून द्यायचो आणि हे कचऱ्यातून उचलून आणायचे. कशाला, ते मला काही केल्या कळेना.

एकदा मी दोन सॉकेटच्या सर्व्हरमधले सगळे मेमरी स्लॉट भरले, तरी मशीनला निम्मीच मेमरी दिसत होती. तासभर हैराण झालो. त्यांनी वाकून पाहिलं आणि ते हसले.

"काय करून राहिला बे? त्या बाजूचं सॉकेट रिकामं आहे. तिकडची मेमरी वाचणार कोण?"

मग खिशातलं एक झाकण त्यांनी त्या रिकाम्या सॉकेटवर अलगद दाबलं. "आत केसासारख्या पिना असतात. एक वाकली की बोर्ड गेला."

मागच्या हिवाळ्यात लेऑफ झाले, त्यात त्यांचंही नाव होतं. सामानाचं खोकं घेऊन ते सिक्युरिटीवाल्याबरोबर दारापर्यंत गेले आणि एकदम मागे फिरले. तो "सर, प्लीज" म्हणत पाठोपाठ आला. माझ्या टेबलावर एक नवा बोर्ड उघडाच पडला होता. खोकं खाली ठेवून त्यांनी खिसा चाचपला.

"पिना उघड्या ठेवल्या ना बे," ते मला म्हणाले. झाकण नीट बसल्यावरच त्यांनी खोकं उचललं.