शेपटीखालचे टाके

हुणसूर रस्त्यावरच्या एका स्टड फार्मच्या मालकाने मला फसवलं. गाभण घोडी म्हणून विकली. ती गाभण होतीही, पण ते पोट टिकणार नाही हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हैसूरच्या पागांमधून ही गोष्ट उलटी सांगितली जाते. म्हणे मीच घासाघीस करता करता पायावर धोंडा पाडून घेतला.

माझे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते. वडिलांनी टांगा चालवला. मी डोक्यावर गवताचे भारे वाहिले, मग देवराज मोहल्ल्यात गाळा घेतला आणि रेसकोर्सच्या पागांना गवत आणि हुलगे पुरवायला लागलो. वीस वर्षं लोकांच्या घोड्यांना खाऊ घातलं. मनात एकच हट्ट होता. आपल्या दारात जन्मलेलं शिंगरू या कोर्सवर पळताना बघायचं. विकतचा घोडा नको, घरचा हवा.

तो मालक माझ्याकडूनच गवत घ्यायचा. त्याच्याकडे मी गेलो तेव्हा तो व्हरांड्यात कॉफी पीत होता. घोडी बाहेर आणायला लावली. तांबडी, शांत डोळ्यांची, हाडापेराने मजबूत. तिने पूर्वी दिलेल्या दोन शिंगरांनी शर्यती जिंकल्या होत्या, हे मला ठाऊक होतं.

"बारा वर्षांची आहे," मालक कानडीत म्हणाला.

मी तिचं तोंड उघडलं. "पंधरा."

तो हसला. "तुम्हा मराठ्यांना घोडीचे दात दाखवू नयेत, यजमान." आणि लगेच किंमत खाली आणली. तिथेच मला शंका यायला हवी होती. जो माणूस गवताच्या पेंढीसाठी माझ्याशी तासभर भांडायचा, तो घोडीवर इतक्या पटकन का वाकतो? पण मी खूश होतो. खुर बघितले, गुडघे चाचपले, कपाळावरचे आणि मानेवरचे भोवरे तपासले. पोट दिसणाऱ्या मशिनीचं चित्र त्याने दाखवलं. गर्भ पक्का होता.

"माझा डॉक्टर येऊन बघेल," मी म्हणालो.

"बघू दे की. पण उद्या बेंगळूरचं गिऱ्हाईक येतंय. डॉक्टरशिवाय आज नेलीत तर आणखी थोडं सोडतो."

मी नेली.

एक गोष्ट मी बघितली नाही. घोडीच्या मागे गेलो नाही. घोड्याच्या मागे आणि साहेबाच्या पुढे उभं राहू नये, हे आमच्या घरात चालायला लागल्यापासून शिकवतात. आम्ही घोड्यावर बसणारे, घोडा हाकणारे लोक. घोडा वाहायला कसा आहे ते आम्हाला कळतं. घोडी व्यायला कशी आहे, हे आमच्यात कोणी कधी बघितलंच नव्हतं. शिवाय त्या फार्मचा म्हातारा मोतद्दार सगळा वेळ तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून शेपटीला लागून उभा होता. मला वाटलं, बिचारा तिला थोपटतोय.

घरी बायकोने घोडीला हळदकुंकू लावलं आणि वय विचारलं. मी सांगितलं.

"अहो, म्हणजे घोड्यांच्या हिशेबात ही माझ्याच वयाची झाली. मला आता कोणी बाळंतपण सांगितलं तर मी त्याला जिन्यावरून ढकलून देईन."

दोन महिन्यांनी एका सकाळी घोडीने चंदी तशीच ठेवली. तिच्या मागच्या पायांवर घाण ओघळली होती. नंजनगूड रस्त्यावर राहणारी एक तरुण डॉक्टरीण पागांमध्ये येत असे, तिला बोलावलं. घोडी गाभडली होती, पोट पडलं होतं. डॉक्टरीण बाजूने मागे गेली आणि तिने शेपटी उचलली.

"अंकल, इकडे या, बघा."

"मी घोड्याच्या मागे उभा राहत नाही."

"म्हणूनच तर हे झालं."

मग तिने समजावलं. घोडी चार-सहा वेळा व्याली, वय झालं, की शेपटीखालचं मांस सैल पडून आत ओढलं जातं. मग हवा आणि लीद आत जाते, पिशवी सुजते आणि पोट टिकत नाही. म्हणून त्या वाटेचा वरचा भाग टाके घालून बंद करतात. घोड्याकडे नेताना उघडतात आणि काम झालं की परत शिवतात. या घोडीच्या दोन्ही बाजूंना जुन्या टाक्यांचे वण होते, एकदा नव्हे, अनेकदा शिवल्याचे. या वर्षी मात्र उघडली आणि तशीच ठेवली.

"का?"

"नवे टाके कोणाच्याही नजरेत भरले असते आणि घोडीचा दोष कळला असता," ती म्हणाली.

तरी मी हरलो नाही. पिशवी धुऊन घेतली, औषधं दिली. रेसच्या सगळ्या शिंगरांचं वय एक जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे घोडी वर्षाच्या सुरुवातीलाच व्यायला हवी. त्यासाठी ती लवकर माजावर यावी लागते, आणि दिवस मोठा झाल्याशिवाय घोडी माजावर येत नाही. म्हणून डिसेंबरपासून संध्याकाळी तिच्या पागेत मोठा दिवा लावायला लागलो.

"पोरांना अभ्यासाला चाळीसचा बल्ब आणि राणीसाहेबांना दोनशेचा," बायको म्हणाली.

चारा मोजून, कारण लठ्ठ घोडी चालत नाही आणि रोडही चालत नाही. तीन माज तिला चांगल्या घोड्याकडे नेलं, दर वेळी परत आणून टाके घातले. तिसऱ्या वेळी डॉक्टरीण मशिनीकडे बराच वेळ बघत राहिली. आत नुसतं पाणी.

"आगल्ला, अंकल. होणार नाही आता. पिशवी थकली. मागच्या वर्षीचं पोट होतं, तेच जपायला हवं होतं."

तेच पोट! मी तडक हुणसूरच्या बसमध्ये बसलो. मालक त्याच व्हरांड्यात, तीच कॉफी.

"डॉक्टर नको असं कोण म्हणालं, यजमान?" त्याने विचारलं.

"मीच म्हणालो. घोडी शिवू नका असंही मी म्हणालो होतो का?"

"होगली बिडी. जाऊ द्या. पुढच्या वर्षी एक तरुण घोडी देतो."

जाऊ द्या! शेवटचं पोट गेलं माझ्या घोडीचं आणि हा म्हणतो जाऊ द्या. म्हातारा मोतद्दार खांबाआड उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर तो बादली उचलून आत गेला.

घोडी माझ्याच दारात आहे. खाते, उन्हात उभी राहते. मी रोज तिच्या मागे जाऊन उभा राहतो. तिने आजवर कधी लाथ मारलेली नाही.

मला दुसरी घोडी नको. फार्मच्या ऑफिसात प्रत्येक घोडीची वही असते. कधी उघडली, कधी शिवली, सगळं लिहिलेलं असतं. त्या मालकाने माझ्या घोडीचं पान माझ्यासमोर, त्या मोतद्दाराला शेजारी उभं करून, मोठ्याने वाचावं. आणि त्या वर्षी टाके का घातले नाहीत, मोतद्दाराला शेपटीजवळ कोणी उभं केलं होतं, हे आपल्या तोंडाने सांगावं. मी वाट बघतोय.