रंगात अडकलेला पापुद्रा

पेंटरमामांचा गाळा चुकवायला माश्या द्वारका चौकाला वळसा घालून जायच्या. ओल्या रंगावर बसायची हिंमत अख्ख्या नाशकात एकीनेच केली होती. मामांनी तिला चिमट्याने अशी अलगद उचलली, की ती सहाही पाय घेऊन परत गेली आणि पुन्हा जन्मात कुठल्या रंगीत वस्तूवर बसली नाही. हे मी खुद्द मामांच्या तोंडून ऐकलंय, म्हणजे निम्मं तरी खरं असणार.

जुने ट्रॅक्टर रंगवणं हा त्यांचा धंदा आणि रंगातला कचरा हा त्यांचा वैरी. शेवटचा हात मारायच्या दिवशी ते अंगात शर्ट घालत नसत, सूत गळतं म्हणून. जमिनीवर आधी पाणी मारत, धूळ उठू नये म्हणून. शेजारचा चहावाला शिंकला तर त्याला जाब विचारत. "नवरदेवाला हळद लागलीय," ते म्हणायचे, "आता वाऱ्यानेसुद्धा विचारून यायचं."

त्यांना मी आमच्या सटाण्याच्या मळ्यात नेलं ते वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या ट्रॅक्टरसाठी. इंजिन मी हौसेने दुरुस्त करून घेतलं होतं, पण पत्रा असा गंजलेला की त्यावर बसायला कोंबड्या लाजत. अण्णांनी निकाल दिला होता, "दसऱ्याच्या पूजेला पयल्यासारखा दिसला तर ठेवू. नायतर दुसऱ्या दिवशी भंगारात. असलं ध्यान दारात नको."

मामांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. "अण्णा, एक खोट निघाली तर माझी गन तुमच्या कांद्याच्या चाळीत टांगून जाईन." गन म्हणजे रंग फवारायचं यंत्र, मामांचा उजवा हातच.

"खिळा मी ठोकून ठेवतो," अण्णा म्हणाले. आणि खरंच ठोकला.

रंगाच्या दुकानातल्या नमुन्यांकडे मामांनी ढुंकून पाहिलं नाही. बॅटरीखालची पट्टी खोलली. तिथे नखाएवढा मूळचा लाल रंग शाबूत होता. "ऊन न लागलेला रंग खरा. बाकी सगळं ऐकीव." तो साधायला त्यांनी घरातल्या यच्चयावत बश्यांमध्ये रंग कालवला. आई आठवडाभर वाटीतून चहा प्यायली. पत्रा घासला तर खालून तीन जुने रंग, दोन निवडणुकांची चिन्हं आणि आत्याची लग्नपत्रिका निघाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचा हात बसला. पापुद्रे उडतात म्हणून शेजारच्या चाळीतलं कांदे निवडणं मामांनी केव्हाच बंद पाडलं होतं. बॉनेट असं चकाकत होतं, की आईने त्यात बघून कुंकू सारखं केलं. अण्णा पाहायला आले. बॉनेटला लावायला हात पुढे केला, तशी मामांनी डोळे वटारले. हात मागे घेतला, तर चाळीतला कांदा हाताला लागला. कांदेकऱ्याच्या हातात कांदा आला की तो काय करतो? तळव्यात चोळतो आणि फुंकर मारतो. अण्णांनी तेच केलं. पापुद्रा उडाला, गिरक्या घेत गेला आणि बॉनेटच्या मधोमध बसला.

मामांनी खिशातून चिमटा काढला, वाकले, आणि तो तसाच परत खिशात ठेवला. रंगाने पापुद्रा धरला होता. उचलायला जावं तर रंगाच्या सालपटासकट निघाला असता.

"टाकला मी," अण्णा कसनुसे होत म्हणाले.

"खोट कुणी केली, हे पैजेत नव्हतं," म्हणत मामांनी गन पुसली आणि खिळ्याला टांगली.

अण्णा पापुद्र्याकडे पाहत होते. "मघापासून लय गुळगुळीत, परका वाटत व्हता, पेंटर." मग आमच्याकडच्या अहिराणीत म्हणाले, "आते हाऊ मना शे." म्हणजे, आता हा माझा.

ट्रॅक्टर राहिला. गनही राहिली. मामा दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन येत, आधी पापुद्रा पाहत आणि मग अण्णांच्या पाया पडत. "एकदा घासू द्या हो."

"हात लावू नका."

"मग गन तरी द्या. नवी शिंकते."

"पैज म्हंजे पैज."

यंदा श्रावणात मामा गेले. दसऱ्याच्या सकाळी मी ट्रॅक्टर बाहेर काढायला गेलो, तर अख्खं अंगण ओलं. अण्णा बादली घेऊन उभे होते, अंगात नुसती बंडी.

"अण्णा, रंग वाळून वर्षं झाली," मी म्हणालो.

त्यांनी उरलेलं पाणी चाकापुढे शिंपडलं. "पेंटरला धूळ चालत नाय."