अगं ए आणि अहो बाई

कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लोक मरेपर्यंत सुपरवायझरच म्हणतात, आणि त्याच्या बायकोला सुपरवायझरीणबाई. या बाईंनी जन्मभर नवऱ्याला ‘अहो’ म्हटलं आणि बदल्यात ‘अगं ए’ ऐकलं. ‘अगं ए’ला शेपूट असायचं: पाणी, टॉवेल, चष्मा. चष्मा नाही सापडला तर बाईंची अक्कल.

मग सुपरवायझरांच्या डोक्यातून माणसं गळायला लागली. शेजारी गेले, व्याही गेले, आणि एका सकाळी बायकोही गेली. बायको समोरच उभी होती, हातात डायपर घेऊन. त्यांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. “अहो बाई, तुम्हाला फार त्रास देतो मी.”

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

तेव्हापासून घरात आक्रीतच सुरू झालं. भरवलं की “आभारी आहे,” कुशीवर वळवलं की “कंबर सांभाळा हं, बाई.” बाईही काही कमी नव्हत्या. कामाच्या बायका म्हाताऱ्यांना लाडानं अरे-तुरे करतात, तशी त्यांनीही एकदा जीभ सैल सोडली. “ए, आ कर! नखरे पुरेत.” सुपरवायझरांनी मुकाट्यानं आ केला. बाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसल्या. मग थोडं रडल्याही. इतकं गोड बोलता येत होतं आणि मेल्यानं आयुष्यभर लपवून ठेवलं!

कंबर मात्र ऐकेना. नवऱ्याला उचलून खुर्चीत बसवताना एकदा दोघंही पलंगावर कोसळली आणि मुलगा येईपर्यंत तशीच पडून राहिली.

“आई, आता बस झालं,” मुलगा कडाडला. “उद्यापासून बाई ठेवतोय.”

“मी आहे ना बाई!”

“तू आई आहेस.”

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. काम सुटलं तर बाईंना हवंच होतं, पण ‘अहो’ सुटायची धास्ती होती. खरी बाई आली की तो मान तिचा, आणि आपल्या वाट्याला पुन्हा ‘अगं ए’.

एजन्सीची बाई आली. दणकट होती. तिनं सुपरवायझरांना काखेत धरून अलगद खुर्चीत बसवलं. त्यांनी तिच्यावर डोळे वटारले.

“अगं ए! होतीस कुठे इतके दिवस? या बाई बिचाऱ्या एकट्या राबतायत. मरतील एखाद दिवशी! लाज नाही वाटत?”

मुलानं कपाळावर हात मारला. नवी बाई या कामात मुरलेली होती. “चुकलं हो माझं,” ती म्हणाली.

“मला काय सांगतेस? त्यांना सांग. आणि आधी बसायला दे त्यांना.”

तिनं खुर्ची पुढे ओढली. “चुकलं, बाई. बसा.”

‘राहू दे गं’ अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळून सुपरवायझरीणबाई बसल्या.

“बघत काय राहिलीस?” सुपरवायझर खेकसले. “चहा टाक त्यांना!”

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

“साखर जरा जास्तच टाक,” त्या म्हणाल्या.