मॅटला टेकलेलं कपाळ

परवा अमरावतीच्या हॉलबाहेर मी शिकवते त्या मुलींनी ज्युदोच्या मॅट उन्हात टाकल्या आणि तापलेल्या रेक्झिनचा वास आला. त्या वासाबरोबर मी थेट अकोल्याच्या स्टेडियममध्ये पोचले, चौदा वर्षांची होऊन, पहिल्याच लढतीला उभी.

हिवरखेडहून माझ्यासोबत आई आणि आमच्या बुद्धविहारातल्या बायका आल्या होत्या, पौर्णिमेला नेसतात त्या पांढऱ्या साड्या नेसून. आमचा सराव विहारातच चालायचा, वंदना झाली की गाद्या टाकून. समोरची मुलगी धिप्पाड होती. लढतीआधी उभ्यानं वाकायचं असतं, पण भीतीच्या भरात मी गुडघे टेकले आणि विहारात करतो तसं कपाळ मॅटला लावलं. सगळा हॉल खो-खो हसला.

गॅलरीतल्या आमच्या बायकांना मात्र वाटलं, इथली रीतच ही. त्या उठल्या, हात जोडले आणि वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं एका सुरात म्हणाल्या, "साधू, साधू, साधू!"

हसणं थांबलं. कपाळ मॅटवर असतानाच माझा श्वास शांत झाला, विहारात होतो तसा.

मी हरले, पण शेवटच्या क्षणी.

"तिनं मले पाडलं न माय," मी बाहेर येऊन म्हटलं.

आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. "पाडलं त पाडलं. पन तिचा घाम पाह्यला काय?"

आता माझ्या मुली लढतीआधी मॅटच्या कडेला कपाळ टेकतात. बाहेरगावचे पंच विचारतात, ही कुठली पद्धत?

मी सांगते, "हिवरखेडची."