नैरोबीची वाट

१९६२ साली गुरुदास नैरोबीला नोकरीला निघाला, तेव्हा त्याची मोठी बहीण सत्यवती त्याला पोचवायला मुंबईच्या धक्क्यावर गेली होती. आठ-दहा दिवस बोट, पुढे मोंबासाहून आगगाडी. मध्ये तो एकदा येऊन गेला, तोही बोटीनेच. भाऊ पंधरा दिवसांच्या वाटेवर राहतो, हे तिच्या मनात पक्कं बसलं. पुढे बोटी बंद झाल्या. 'यंदा विमानाने येतो' असं तो लिहायचा आणि दरवर्षी राहून जायचं. विमानाला किती वेळ लागतो, हे तिने कधी विचारलं नाही.

सत्यवतीने लग्न केलं नाही. कोकणात मिठबावला बाबांचं आणि माडांच्या बागेचं तीच बघायची. १९८४ च्या नवरात्रात बाबांनी अंथरूण धरलं. शेजारचे सदानंद मास्तर म्हणाले, "सत्या, गुरुक तार करूया गो."

"कित्याक, मास्तरांनू? तो येयपर्यंत बाबा बरे होतले. उगीच तेच्या जीवाक घोर."

बाबा बरे झाले नाहीत. डोळे उघडले की विचारायचे, "गुरु इलो?"

"वाटेत आसा, बाबा. येतलो."

आठवडाभर ती हेच सांगत राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा गेले. चुलतभाऊ दत्तारामाने अग्नी दिला. मग मास्तरांनी तार केली.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुदास घरापुढच्या खळ्यात उभा. सत्यवतीला वाटलं, भास झाला.

"तू... इतक्यात कसो इलंस?"

"विमानान. नैरोबीसून मुंबैक सहा तास. थंयसून हंय येवक दुप्पट लागले." तो पायरीवर बसला. "बाबा कधीपासून आजारी होते गो?"

तिने सांगितलं. तो हळूच म्हणाला, "एक तार केलंस आसतंस तर..."

त्याने पुढे कधीच विषय काढला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. दिवसकार्य आटोपल्यावर ती हट्टाने त्याला पोचवायला मुंबईला गेली. पहाटे विमानतळाच्या दाराशी तिने त्याचा हात धरला. "गुरु, बाबा तुझी वाट बघी होते. मी तेंका सांगलंय, तू वाटेत आसंस म्हणान."

गुरुदासचे डोळे भरून आले. त्याने तिच्या पायांना हात लावला आणि तो आत गेला.

तिने लगेच परतीची एसटी धरली. दुपारी गाडी महाडला थांबली. सगळे जेवायला उतरले, ती बसून राहिली. शेजारच्या बाईने विचारलं, "खंय गेल्लात?"

"भावाक पोचवक. नैरोबीक गेलो."

"अगो बाय! लांब गेलो."

"नाय," सत्यवती म्हणाली, "सहा तासांची वाट. आता पोचतलो." आणि पदराने तोंड झाकून ती रडू लागली.